चांदीच्या लेपाला मर्यादा विचारा



गेल्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत एक प्रस्ताव आला. चातुर्मासात चौक्यासाठी आणि बाहेरगावहून नेमगिरीच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी चांदीचा लेप असलेल्या चाळीस पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या. एकीची किंमत १,८०० रुपये. विकायला आलेली मुलगी आपल्याच समाजातली, माझ्या लेकीच्या वयाची, बोलायला गोड. म्हणाली, "काकू, आता उकळायची कटकट नाही. आतून चांदी आहे. ९९.९ टक्के जंतू मरतात, लॅबचा रिपोर्ट आहे." तिघीचौघींनी लगेच माना डोलावल्या. एक म्हणाली, चांदी म्हणजे शुद्धच की, आपल्या देवाच्या झाऱ्या चांदीच्याच असतात.

मी विरोध केला. बैठकीत आवाज चढला, तो चढायला नको होता, त्याबद्दल क्षमा मागितली आहे. पण विरोध मागे घेतलेला नाही. का, ते इथे सविस्तर लिहिते, कारण तीच मुलगी आता परभणी, सेलू, मानवतच्या मंडळांकडेही जाणार आहे.

आधी माझं स्वतःचं खोटं नाणं दाखवते. तीन वर्षांपूर्वी मी अशीच चांदीच्या लेपाची वीस लिटरची टाकी घेतली होती. आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो, पाणी साठवावंच लागतं. दुकानदार म्हणाला, यात पाणी पंधरा दिवस ताजं राहतं. मी माझ्या व्रताचं पाणी उकळतच होते, पण मुलानातवंडांसाठी उकळणं बंद केलं. स्वतःला उकळलेलं आणि लेकरांना टाकीतलं! चार महिन्यांनी टाकी धुवायला घेतली तर तळाशी हाताला बुळबुळीत थर लागला. त्याच पावसाळ्यात धाकट्या नातवाला जुलाब झाले, सलाईन लावावं लागलं. पाण्यानेच झाले की बाहेरच्या खाण्याने, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, त्यामुळे मी टाकीवर आळ घेत नाही. पण चांदी आहे म्हणून मी टाकी घासायची सोडली होती, हे खरं. तो दोष टाकीचा नाही, माझा.

तेव्हापासून मी हा विषय समजून घ्यायला लागले. माझी नात संभाजीनगरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिच्याकडून बरंच कळलं. बाकी मी बी.कॉम., मला आकडे वाचता येतात. आणि या प्रकरणात आकडे वाचणंच महत्त्वाचं आहे.

चांदी जंतूंना मारते ही गोष्ट खोटी नाही. चांदीचे अगदी सूक्ष्म भारित कण, म्हणजे आयन, ओलाव्यात सुटतात. जंतूच्या शरीरातल्या प्रथिनांमध्ये गंधकाचा भाग असतो, त्याला ते चिकटतात आणि जंतूचं काम बंद पाडतात. १८८० च्या सुमारास जर्मनीत क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि कितीतरी बाळांचे डोळे वाचले. भाजल्यावर लावतो ते पांढरं मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन, १९६० च्या दशकापासून वापरात आहे. आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत चांदीच्या नॅनोकणांची जखमेवरची जेल तयार झाली. तेव्हा चांदीशी माझं भांडण नाही.

लेप कसा बनतो तेही पाहू. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात चांदी विरघळलेली असते. त्यात सायट्रेटसारखा पदार्थ घातला की चांदीचे बारीक कण तयार होतात. नातीच्या कॉलेजात मुलांनी तुळशीच्या पानांच्या अर्काने हेच केलं. बिनरंगी पाणी बघता बघता पिवळसर, मग तपकिरी झालं. हे कण रंगात, प्लॅस्टिकात किंवा फवाऱ्यात मिसळतात, नाहीतर विजेच्या साहाय्याने भांड्यावर चांदीचा मुलामा देतात. बनवणं इतकं अवघड नाही. बनवलेलं काम करतं का आणि किती दिवस करतं, हे सिद्ध करणं अवघड आहे.

आता तो "लॅबचा रिपोर्ट" बघू. अशा लेपांसाठी जपानची एक चाचणी आहे, जेआयएस झेड २८०१. तिच्यावरून पुढे २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय चाचणी झाली, आयएसओ २२१९६. तिची रीत अशी. लेप दिलेला पाच सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा घेतात. त्यावर जंतू असलेल्या द्रवाचे थोडे थेंब टाकतात, त्यात एक ते चार लाख जंतू असतात. वरून पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा झाकतात, म्हणजे द्रव सगळीकडे चिकटून बसतो. मग तो तुकडा ३५ अंश उष्णतेत, ९० टक्के दमट हवेत, पूर्ण २४ तास ठेवतात. नंतर द्रव धुऊन काढतात, उरलेले जंतू वाढवून मोजतात. लेप नसलेल्या तसल्याच तुकड्यावरही हेच करतात आणि दोन्ही आकडे ताडून पाहतात. लेपाच्या तुकड्यावर शंभरपट कमी जंतू निघाले की जपानी मापाने तो "अँटिबॅक्टेरियल" ठरतो.

चाचणी प्रामाणिक आहे. पण तिच्यात काय मोजलं, ते नीट बघा. नवा कोरा, स्वच्छ तुकडा. ओला. झाकलेला. ३५ अंशांत. चोवीस तास. आपल्या घरातली दाराची कडी मे महिन्यात ४३ अंशांत कोरडीठाक असते, तिच्यावर चांदीचे आयन सुटायला ओलावा कुठून येणार? बाटली रोज भरते, रोज रिकामी होते, तिच्यात क्षार बसतात. इकडच्या बोअरच्या पाण्यात मीठ असतं; त्यातलं क्लोराइड चांदीच्या आयनांशी जुळून बसतं आणि आयन कमी पडतात. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते, हे तर आपण देवघरातल्या ताम्हनावर रोज बघतो. वर बुळबुळीत थर साचला तर जंतू आणि चांदी यांच्यात भिंतच उभी राहते. यातलं काहीही त्या चाचणीत नाही. चाचणीने त्याचं उत्तर देतो असा दावाही केलेला नाही. दावा विकणाऱ्याने केला आहे.

आणि ९९.९ टक्के? कॉमर्सच्या पहिल्या वर्षी शिकवतात, टक्केवारी दिसली की आधी विचारा, कशाची टक्केवारी? इथे ती लेप नसलेल्या तुकड्याशी तुलना आहे. त्या तुकड्यावर २४ तासांत जंतू वाढलेही असतील, म्हणजे तुलनेचा पायाच फुगलेला. दहा लाखांतून ९९.९ टक्के गेले तरी हजार उरतात. अनुकूल वातावरणात काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. हजाराचे दहा लाख व्हायला दहा वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. हिशेब तुम्हीही करून बघा.

दुसरी एक चाचणी नातीने मला फोटोत दाखवली. खळीसारख्या माध्यमावर जंतू पसरतात, मधोमध लेपाचा तुकडा ठेवतात. भोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं. विकणारे हाच फोटो मोठा करून दाखवतात. बघायला सुंदर आहे. पण वर्तुळ पडलं याचा अर्थ चांदी तुकड्यातून सुटून बाहेर गेली. म्हणजे ती खर्च झाली. व्याजावर जगणं आणि मुद्दल खाणं यात फरक आहे, हे आपल्या घरांना कुणी सांगायला नको. हा लेप मुद्दल खातो. मग मुद्दल किती आहे? मी अंदाज केला. लिटरच्या बाटलीचा आतला पृष्ठभाग साधारण ५०० चौरस सेंटिमीटर. लेप १०० नॅनोमीटर जाड धरला तर चांदी भरते ग्रॅमच्या विसाव्या भागाएवढी. या आठवड्याचा चांदीचा ग्रॅमचा भाव घ्या, वीसने भागा, आणि १,८०० रुपयांशी ताडून बघा.

मुद्दल किती लवकर संपू शकतं याचाही दाखला आहे. २००८ मध्ये अमेरिकेत अॅरिझोनातल्या संशोधकांनी बाजारातले चांदीच्या नॅनोकणांचे पायमोजे विकत आणून धुतले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच पाण्यात गेली, काहींत टिकली. त्याच वर्षी तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एका कंपनीला चांदीच्या लेपाचे कीबोर्ड आणि माऊस "जंतुनाशक" म्हणून पुराव्याशिवाय विकल्याबद्दल २ लाख ८ हजार डॉलर दंड केला. आपल्याकडे कोविडच्या काळात गाद्या, शर्ट, प्लायवूड, सगळंच जंतुनाशक झालं होतं, आठवतं ना? पी हळद नि हो गोरी.

पाण्याबाबत तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये चांदीवरचा सगळा अभ्यास तपासून सांगितलं की पिण्याचं पाणी निर्जंतुक करायला मुख्य उपाय म्हणून चांदीची शिफारस करता येत नाही, पुरावा पुरेसा नाही. उकळणं मात्र त्यांच्या यादीत आहे. चांगली उकळी फुटली की काम झालं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. आपल्या सासूबाईंनी, आईने आपल्याला एक शब्द शिकवला आहे: मर्यादा. दुपदरी गाळण्याने गाळलेलं पाणी ४८ मिनिटं. लवंग-वेलदोड्याने प्रासुक केलेलं सहा तास. उकळलेलं २४ तास. पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. आपल्या स्वयंपाकघरात "शुद्ध" असं नुसतं काही नसतं; शुद्ध, अमुक वेळेपर्यंत, असं असतं. वेळ संपली की पुन्हा करायचं. आणि कसं केलं तेही सांगावं लागतं. चौक्यात कुणी विचारलं की पाणी कधीचं, तर "चांगलं आहे हो" हे उत्तर चालत नाही.

इथे मला दुसऱ्या बाजूच्या एका सवयीवरही बोलायचं आहे. आपल्या आचार्यांना जंतुशास्त्र आधीच माहीत होतं, असे संदेश रोज फिरतात. मी तसं म्हणत नाही. आपली मर्यादा धर्माची आहे, जीवदयेच्या विचारातून आली आहे. तिला प्रयोगशाळेचा शिक्का लावायची गरज नाही आणि लावणं खरंही नाही. पण त्या मर्यादेने आपल्याला प्रश्न विचारायची सवय लावली: कसं केलं, कधी केलं, कधीपर्यंत चालेल? चांदी पाहिल्यावर ती सवय आपण बाटलीवाल्या मुलीसमोर का सोडली?

मर्यादा सांगणारी चांदीची वस्तू असू शकते, याचं उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेपासून पाणी गाळायचं साधं यंत्र बनलं होतं, सुजल. पुढे त्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून डिसेंबर २००९ मध्ये टाटा स्वच्छ बाजारात आलं, हजार रुपयांच्या आत, विजेशिवाय चालणारं. त्यातल्या बल्बची मर्यादा ३,००० लिटर ठरवलेली होती आणि ती संपली की पाणी येणंच बंद व्हायचं. याला म्हणतात मर्यादा. आमच्या १,८०० रुपयांच्या बाटलीवर असा एकही आकडा नाही. मुलीला विचारलं तर म्हणाली, "लाइफटाइम आहे काकू." कुणाचं लाइफटाइम, बाटलीचं की पिणाऱ्याचं?

बैठकीत एका वहिनींनी मला अडवलं, आणि त्यांचा प्रश्न खरोखर चांगला होता. म्हणाल्या, "उकळण्यातही हिंसा आहेच. पाण्याचे जीव, अग्नीचे जीव. चांदीने गॅस वाचला तर हिंसा कमीच झाली ना?" मी दोन दिवस यावर विचार केला. गृहस्थाकडून आरंभी हिंसा होते, ती टळत नाही, म्हणून तर ती गरजेपुरती ठेवायची. पिण्याचं पाणी ही गरज आहे. ठरावीक पाणी, ठरावीक वेळ, आणि रोज चूल पेटवताना ती हिंसा आपल्याला दिसते, बोचते. बाटलीने पाणी खरोखर निर्दोष होत असतं तर वहिनींचं म्हणणं मी मान्य केलं असतं. पण तसा पुरावा नाही, म्हणजे उकळावं तर लागणारच. मग वरचा लेप कशासाठी? तो दिवसरात्र मारत राहणार, गरज असो वा नसो. कपाटाला, पायमोज्याला, दाराच्या कडीला, फ्रिजच्या दाराला. ज्या हिंसेतून प्रयोजन साधत नाही तिला आपल्याकडे नाव आहे, अनर्थदंड, आणि तिच्यापासून दूर राहणं हे श्रावकाचं व्रत आहे. लेपातून सुटलेली चांदी मोरीतून नाल्यात, नाल्यातून नदीत जाते. आपली पूर्णा, गंगाखेडची गोदावरी. पाण्यातल्या बारीक जीवांना चांदी विषारी आहे. विहिरीचं पाणी शेंदून गाळल्यावर गाळण्यातली जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडणाऱ्या बायकांच्या आपण लेकीसुना आहोत.

आणि पैशाचा हिशेब. चाळीस बाटल्या म्हणजे ७२,००० रुपये, दानाचे. एक लिटर पाणी उकळायला माझ्या हिशेबाने साधारण ११-१२ ग्रॅम गॅस लागतो, झाकण ठेवलं तर. चौक्यासाठी रोज वीस लिटर धरलं तर चार महिन्यांच्या चातुर्मासाला दोन सिलिंडर. सिलिंडर ९०० रुपये धरला तर ७२,००० रुपयांत चाळीस चातुर्मासांचं पाणी उकळून होतं. पुढच्या पिढीच्याही सुना म्हाताऱ्या होतील तेवढ्यात.

काहीजणी म्हणाल्या, आपण बायका काय विचारणार, आपल्याला त्यातलं काय कळतं? वर्खाची गोष्ट आठवा. मिठाईवरचा चांदीचा वर्ख हाही चांदीचा लेपच. तो कसा बनतो, हे आपल्या समाजाने विचारलं. जनावरांच्या आतड्याच्या पानांमध्ये ठेवून चांदी कुटतात, हे कळलं तेव्हा घराघरांतून वर्ख हद्दपार झाला. ओरड वाढत गेली आणि २०१६ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाला अधिसूचना काढावी लागली की वर्ख बनवताना कुठल्याही टप्प्यावर प्राण्यापासून मिळालेलं काही वापरू नये. तेव्हा आपण "कसा बनवला" हे विचारलं होतं. आता "कसा तपासला" हे विचारायचं आहे.

म्हणून कुणी चांदीच्या लेपाचं काहीही दाराशी आणलं तर एवढं विचारा:

१. चाचणी कोणती, कुठल्या प्रयोगशाळेत, कधी? प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता आहे का? रिपोर्टवर याच वस्तूचं नाव आहे की नुसत्या रसायनाचं?

२. किती वेळात ९९.९ टक्के? चोवीस तासांत असेल तर सकाळी भरलेलं पाणी दुपारी पिणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

३. शंभर वेळा घासल्यानंतर पुन्हा चाचणी केली का?

४. पाण्यात चांदी किती उतरते? आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चांदी नको असं आहे. वर्षानुवर्षं चांदी पोटात गेली तर कातडी निळसर-करडी होते आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

५. मर्यादा काय? दिवसांत सांगा, लिटरमध्ये सांगा.

उत्तर मिळालं तर घ्या, माझी हरकत नाही. "लाइफटाइम" असं उत्तर आलं तर पाणी द्या प्यायला, उकळलेलं, आणि नमस्कार करा.

पाण्याचीच शंका असेल तर पाणी तपासा. हायड्रोजन सल्फाइडची छोटी बाटली मिळते. पाणी भरून ठेवायचं, एकदोन दिवसांत काळं पडलं तर दूषित समजायचं. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच बायकांना पाणी तपासायला शिकवलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच कोण, ते शोधा. मी आमच्या नळाचं पाणी तीन बाटल्यांत तपासलं: जसंच्या तसं, रात्रभर चांदीच्या टाकीत ठेवलेलं, आणि उकळलेलं. पहिल्या दोन काळ्या पडल्या, तिसरी नाही. एका घरची एकदाची तपासणी म्हणजे पुरावा नव्हे, हे मी इतरांना सांगते तसं स्वतःलाही सांगते. पण माझ्या नातवंडांच्या पेल्यात काय ओतायचं ते ठरवायला मला ती पुरली.

येत्या रविवारी मंडळाची पुन्हा बैठक आहे. बाटल्यांचा प्रस्ताव मतदानाला येईल. त्या मुलीलाही बोलावलं आहे, आणि पाच प्रश्नांचा कागद तिला आधीच पाठवला आहे, अचानक अडवायला नको म्हणून. ती आपलीच लेक आहे, तिचं पोट त्यावर आहे, तिला कमी लेखून बोलू नका. तिलाही वरून जे सांगितलं तेच ती सांगते. पण मत देताना एवढं आठवा: जिच्या चौक्यात पिठालाही तारीख असते, तिने चांदीला बिनतारखेचं आत घेऊ नये.

पातेलं चुलीवर ठेवलंय. उकळी आली की झाकण ठेवून वेळ लिहून ठेवायची आहे. लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.